टॅबची रॅम आणि स्टोरेज वाढवून मिळते का? दुकानदार २८०० मागतोय

मिरजकर_बाबा

नमस्कार मंडळी, एक शंका आहे, शनिवारच्या आत उत्तर मिळालं तर बरं होईल कारण शनिवारी टॅब दुकानात द्यायचं कबूल करून बसलोय. लॉकडाऊनमध्ये मुलीच्या ऑनलाइन शाळेसाठी टॅब घेतला होता, ३ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज, तेव्हा बजेट तेवढंच होतं. आता ती अकरावी सायन्सला आहे, क्लासचं अ‍ॅप आहे त्यात लेक्चर डाउनलोड करून ठेवावी लागतात कारण आमच्याकडे संध्याकाळी नेट आणि लाइट दोघांचाही भरवसा नाही. तर रोज स्टोरेज फुल, स्टोरेज फुल, आणि अ‍ॅप उघडलं की चहा उकळून गाळून होतो तरी ते गोल फिरतच असतं.

दुकानदार म्हणतो रॅम ३ ची ६ करून देतो, २८०० रुपये, दोन दिवस टॅब ठेवून जा. स्टोरेजचं पण होईल म्हणतो पण त्याचे वेगळे. मला आधी पटलं नव्हतं, पण आमच्या शेजारच्यांच्या टॅबची त्यानेच वाढवून दिली आणि मी माझ्या डोळ्याने बघितलंय, सेटिंगमध्ये ३ जीबी + ३ जीबी असं चक्क लिहिलेलं दिसतं. आणि घरच्या जुन्या कॉम्प्युटरला मी स्वतः रॅमची पट्टी आणून बसवली होती, खटकन बसते, पाच मिनिटांचं काम, त्यामुळे टॅबला तरी असं काय वेगळं असणार असंही वाटतं. तर हे खरंच होतं का? आणि होत असेल तर २८०० जास्त सांगतोय का? नवीन घ्या असं कृपया सांगू नका, क्लासचा पुढचा हप्ता तोंडावर आहे.

आळसोबा

नाही होत. २८०० मध्ये घरच्या सगळ्यांना महिनाभर मिसळ खायला घाला.

सोल्डर_दादा

आळसोबांनी एका ओळीत उरकलं पण बाबांना कारण कळायला पाहिजे, नाहीतर शनिवारी दुकानदार परत गोड बोलून पटवेल. मी मोबाइल-टॅब बोर्ड रिपेअरिंगचं काम करतो, आधी मुंबईत लॅमिंग्टन रोडला होतो आता स्वतःचं टेबल आहे, म्हणून सांगतोय.

कॉम्प्युटरला तुम्ही जी पट्टी बसवली तिच्यासाठी मदरबोर्डवर खाच असते. टॅबमध्ये खाच हा प्रकारच नाही. रॅम ही चिप असते, बोटाच्या नखाएवढी, आणि ती बोर्डाला डाग मारून कायमची चिकटवलेली असते. बऱ्याच मॉडेलमध्ये तर ती प्रोसेसरच्या डोक्यावरच बसवलेली असते, म्हणजे खाली प्रोसेसर वर रॅम, दुमजली घर. वरचा मजला काढायला गेलात तर खालच्याचं काय होईल ते तुम्हीच समजा. स्वस्त टॅबमध्ये अजून एक प्रकार असतो, रॅम आणि स्टोरेज दोन्ही एकाच चिपमध्ये. तिथे तर एकच बदलतो असं म्हणायची सोयच नाही.

आता "होतच नाही" असं मी म्हणणार नाही कारण स्टोरेजची चिप बदलण्याचं काम मी केलंय, मेलेल्या बोर्डावर. हॉट एअरने तापवायची, बिनशिशाचा सोल्डर २१७ डिग्रीला वितळतो त्यामुळे चिपला त्याच्यावर तापमान द्यावं लागतं, खाली काळा गोंद भरलेला असेल तर तो खरवडायचा, नवीन चिपला शेकड्यांनी बारीक गोळ्या बसवायच्या, मग ती सरळ रेषेत खाली बसली पाहिजे. त्याच्या आधी टॅब उघडायला स्क्रीन गरम करून उचलावी लागते, ती गोंदाने चिकटवलेली असते आणि टॅबची काच मोठी असल्यामुळे फोनपेक्षा लवकर तडकते. हे सगळं जमलं तरी अर्धंच काम झालं. नवीन चिप कोरी असते, तिच्यात सॉफ्टवेअर पहिल्यापासून भरायचं, जुना डेटा गेला तो गेलाच. टॅब चालू होताना जो सगळ्यात पहिला प्रोग्राम चालतो त्याला कुठली मेमरी चिप कशी चालवायची याची यादी कंपनीने भरून दिलेली असते, तुमची मोठी चिप त्या यादीत नसेल तर स्क्रीन काळी ती काळीच. सिमवाला टॅब असेल तर आयएमईआयची, म्हणजे टॅबच्या ओळख नंबरची, भानगड वेगळी. आणि व्हिडिओच्या लायसनच्या चाव्या पण जुन्या चिपसोबत जाऊ शकतात, मग नेटफ्लिक्ससारख्या अ‍ॅपमध्ये एचडी बंद, सगळं धुरकट दिसतं.

एवढा उद्योग कोणी २८०० मध्ये, तेही चार वर्षं जुन्या टॅबवर, गॅरंटीने करून देत असेल तर मला त्याच्याकडे कामाला ठेवा.

मिरजकर_बाबा

दादा, एवढं सविस्तर लिहिलंत त्याबद्दल आभार. पण मग शेजारच्यांच्या टॅबमध्ये ३+३ कसं आलं? मी खोटं बघितलं नाहीये हो. फोटो पण काढून ठेवलाय.

सोल्डर_दादा

साहेब, तुम्ही बघितलं ते बरोबरच बघितलंत. ते फुकटचं बटण आहे.

हल्ली बऱ्याच कंपन्या सेटिंगमध्ये देतात, कोणी रॅम प्लस म्हणतं, कोणी एक्स्टेंडेड रॅम, कोणी व्हर्च्युअल रॅम. ते चालू केलं की टॅब स्टोरेजमधला ३ जीबीचा तुकडा वेगळा काढतो आणि रॅम भरली की न वापरलेला माल तिथे नेऊन टाकतो. माजघरात जागा नाही म्हणून फडताळातल्या वस्तू माळ्यावर टाकतो तसं. वस्तू घरातच राहते पण लागली की शिडी लावायची. खरी रॅम सेकंदाला १० जीबीच्या पुढे माल हलवते, आणि स्वस्त टॅबमधली ईएमएमसी मेमरी, म्हणजे स्टोरेजची साधी चिप, कागदावरच फार तर ४०० एमबीपर्यंत, प्रत्यक्षात त्याच्या खाली. त्यामुळे मागे उघडी असलेली अ‍ॅप थोडी जास्त वेळ टिकतात इतकाच फायदा, वेग वाढत नाही, उलट स्वस्त टॅबवर कधी कधी जास्त अडखळतो.

आणि तुमच्या बाबतीत तर उलटाच खेळ होईल. तुमचं दुखणं काय, तर ३२ जीबी भरलेत. त्यातून अजून ३ जीबी काढून माळा बांधला तर राहायला जागा किती उरली? शेजारच्यांनी किती दिले ते एकदा हळूच विचारा. सेटिंगमध्ये जाऊन स्वतःच्या टॅबमध्ये पण ते बटण आहे का बघा, असेल आणि चालू असेल तर बंद करून टॅब रीस्टार्ट करा, जागा परत येईल.

पेठेतला_पाहुणा

सगळे एकजात "टॅबमध्ये काही बदलत नाही" म्हणतायत म्हणून एक अपवाद नोंदवतो. विंडोजवाले टॅब वेगळे. मी कंपनीने विकायला काढलेला जुना सरफेस प्रो ७ प्लस घेतला, त्याच्या मागचा स्टँड उघडला की खाली एक छोटं झाकण आहे, आत एक बारीक स्क्रू, आणि एसएसडी, म्हणजे स्टोरेजची पट्टी, बाहेर येते. २२३० साइजची, म्हणजे जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीची. मी १२८ ची काढून ५१२ ची घातली, खाण्याच्या सुट्टीत झालं. फक्त बिटलॉकरची (विंडोजचं डेटावरचं कुलूप) चावी आधी लिहून ठेवा आणि विंडोज परत टाकायचा पेन ड्राइव्ह तयार ठेवा. गंमत बघा, त्याच्या आधीचा साधा सरफेस प्रो ७ (२०१९ चा) दिसायला डिट्टो तसाच, पण त्यात हे झाकण नाही, एसएसडी बोर्डालाच चिकटवलेली. जुना घेताना प्लस आहे का बघून घ्या, विकणारे सरसकट "सेव्हन" म्हणून विकतात. नंतरच्या ८ आणि ९ मध्ये पण बदलता येते.

रॅम मात्र यातही चिकटवलेलीच. ८ ची आहे, ८ चीच राहणार. हे म्हणजे घर वाढवता येतं पण दरवाजा तेवढाच.

(बाबांना याचा काही उपयोग नाही हे मला माहीत आहे, उगाच माहिती अपुरी राहायला नको म्हणून.)

वऱ्हाडातली_मॅडम

बाबा, तुम्ही त्या दुकानाच्या पायरीवर जाऊ नका आधी. मी शाळेत शिकवते, अकोल्याजवळ, आमच्याकडे पोरांचे असेच ३ जीबी ३२ जीबीवाले टॅब ढिगाने आहेत त्यामुळे हे दुखणं माझ्या रोजच्या ओळखीचं आहे.

तुमच्या टॅबला कडेला एक बारीक छिद्र असेल, पिन टोचली की ट्रे बाहेर येतो, त्यात मायक्रो एसडी कार्डची जागा आहे का बघा. या किमतीच्या अँड्रॉइड टॅबमध्ये बहुतेक असतेच. कार्ड घातलं की फोटो, पीडीएफ, यूट्यूबचे ऑफलाइन व्हिडिओ कार्डावर पाठवता येतात. यूट्यूबच्या सेटिंगमध्ये डाउनलोड एसडी कार्डवर ठेवा असं बटणच आहे.

पण कार्डाने सगळं सुटतं असंही समजू नका. अ‍ॅप कार्डावर जात नाहीत, जे जातात तेही अर्धेमुर्धे, त्यांचा डेटा आतच बसून राहतो. व्हॉट्सअ‍ॅप तर हलतच नाही, त्याचे सगळे गुड मॉर्निंग आणि लग्नाचे व्हिडिओ आतल्याच मेमरीत. अँड्रॉइड ६ पासून, म्हणजे २०१५ पासून, कार्डालाच आतली मेमरी समजून वापरायची सोय आहे, फॉरमॅट करताना विचारतं, पण सगळ्या कंपन्या ती ठेवत नाहीत, सॅमसंगने त्यांच्या बहुतेक टॅबमध्ये काढूनच टाकलीय. आणि मी एका टॅबमध्ये करून बघितलं होतं, स्वस्तातलं कार्ड होतं, टॅब असा रांगायला लागला की पोरगी म्हणाली मॅडम पहिलाच बरा होता. वरून कार्ड एकदा ढिलं झालं तर त्यावरची सगळी अ‍ॅप गायब, आणि ते कार्ड दुसरीकडे कुठे वाचताही येत नाही, त्याच टॅबशी कुलूपबंद होतं ते. साधं कार्ड म्हणूनच वापरा ना बाप्पा.

कार्ड घेताना अजून एक. मी बाजारात हातगाडीवरून "१ टीबी" लिहिलेलं कार्ड ३०० रुपयात घेतलं होतं, हसू नका, घेतलं होतं. त्यात आधी सगळं मस्त कॉपी झालं, नंतर फाइल उघडेनात. आत खरी जागा ३२ जीबी सुद्धा नव्हती, वर फक्त खोटा आकडा भरलेला, भरलं की नवीन फाइल जुनीवर बसते. तेव्हापासून कार्ड आणलं की आधी लॅपटॉपला लावून एचटूटेस्टडब्ल्यू नावाच्या फुकटच्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासते, रात्रभर लावून ठेवते. पॅकेटवर ए१ किंवा ए२ लिहिलेलं घ्या, बारीक बारीक फाइली वाचायला ते बरं पडतं.

जर्सी_सिटीचा_जावई

आयपॅडवाले पण इथे येऊन वाचतील म्हणून त्यांची बाजू सांगतो. आयपॅडला कार्डाची जागा कधीच नव्हती, पहिल्या मॉडेलपासून आजपर्यंत नाही. माझ्याकडे २०२१ चा नववा आहे, ६४ जीबीचा, घेताना बायको म्हणत होती २५६ चा घे, ऐकलं नाही, आता दर रविवारी फोटो उडवत बसतो. त्यात रॅम ३ जीबीच आहे, बाबांच्या टॅबएवढीच, तरी चालतो बऱ्यापैकी, त्यामुळे रॅमचा नुसता आकडा बघून उपयोग नाही, प्रोसेसर आणि आतली मेमरी किती चपळ आहे ते पण बघायला पाहिजे.

बाहेरचा पेन ड्राइव्ह लावता येतो, २०१९ ला आयपॅडओएस १३ आलं तेव्हापासून फाइल्समध्ये दिसतो. यूएसबी-सीवाल्या आयपॅडला सरळ लागतो, माझ्यासारख्या जुन्या लायटनिंगवाल्याला अ‍ॅडाप्टर लागतो आणि बऱ्याचदा त्याला चार्जर पण जोडावा लागतो, म्हणजे सोफ्यावर बसून बघायचं तर सगळीकडे वायरी. आणि अ‍ॅप त्यावर जात नाहीतच.

अजून एक जे मला दुकानात कोणी सांगितलं नव्हतं. २०२१ च्या एम१ (अ‍ॅपलचा प्रोसेसर) वाल्या आयपॅड प्रोमध्ये १६ जीबी रॅम हवी तर १ टीबी किंवा २ टीबीचाच घ्यावा लागायचा, खालच्या सगळ्यांत ८. म्हणजे रॅमसाठी नको असलेलं स्टोरेज पण विकत घ्या. आणि ते माळ्याचं प्रकरण अ‍ॅपलने पण आणलं, २०२२ ला आयपॅडओएस १६ मध्ये, पण फक्त एम१ आणि पुढच्यांना, तेही एअरमध्ये २५६ जीबीचा असेल तरच. मेमरी चपळ असेल तरच त्या माळ्याला अर्थ आहे हे दादांनी वर सांगितलं तेच.

आळसोबा

पण चीनमध्ये शेन्झेनला आयफोनचं ६४ चं ५१२ करून देतात ना? रस्त्यावर टेबल टाकून? व्हिडिओ बघितलेत मी. मग आपल्याकडे का नाही होणार, आपले कारागीर काय कमी आहेत का

सोल्डर_दादा

कमी अजिबात नाहीत. आपल्याकडे पण होतं, दिल्ली-मुंबईत करणारे आहेत. पण ते स्टोरेजचं, रॅमचं नाही. आणि ते आयफोनचं होतं कारण एकाच मॉडेलचे लाखो फोन, चिप मिळते, चिपमध्ये नंबर भरायची मशीन मिळते, रोज तेच काम करून हात बसलेला असतो. आणि आयफोनची किंमत एवढी की गिऱ्हाईक मजुरी द्यायला तयार. बाबांच्या टॅबसारख्या मॉडेलला ना चिपची माहिती मिळत ना कोणी मशीन बनवत. कारागिरी असून काय करणार, माल नाही आणि हिशोब बसत नाही.

कंपन्या मुद्दाम चिकटवतात का असं मला गिऱ्हाईक विचारतात. थोडं मुद्दाम, थोडं खरं. टॅब ७-८ मिलिमीटर जाडीचा, त्यात पट्टी आणि खाच कुठे बसवणार. आणि टॅबची रॅम कमी करंटवर चालणारी असते, तिला प्रोसेसरच्या अगदी शेजारी बसावं लागतं, तारा लांबल्या की वेगही जातो आणि बॅटरीही. पण स्टोरेजसाठी ही सबब चालत नाही, वर पाहुण्यांनी सांगितलंच की एका स्क्रूत काम होतं. इच्छा असली की झाकण निघतं.

बाबा, तुमच्यासाठी शेवटचं. सेटिंग, स्टोरेज, तिथे कोण किती खातंय ते बघा आणि इथे लिहा. ३२ पैकी १२-१४ जीबी सिस्टिमचे गेले असं धरा, म्हणजे तुमच्या हातात १८-२० च आहेत. त्यातले ३-४ जीबी कायम रिकामे राहू द्या. ईएमएमसी गच्च भरली की लिहायचा वेग पडतो, तुम्हाला वाटतं रॅम कमी पडतेय आणि खरं दुखणं भरलेल्या मेमरीचं असतं. मी निम्म्या गिऱ्हाइकांना हे सांगून परत पाठवतो, म्हणून माझा धंदा वाढत नाही.

मिरजकर_बाबा

मंडळी, शनिवार गेला, टॅब दुकानात दिला नाही. दुकानदाराला फोन करून म्हणालो मुलीची परीक्षा आहे नंतर बघू, तोंडावर नाही म्हणायला जमलं नाही.

दादांनी सांगितलं तसं बघितलं. व्हॉट्सअ‍ॅप ६.८ जीबी!! मुलीच्या टॅबवर व्हॉट्सअ‍ॅप माझ्या मिसेसच्या नंबरचं चालू होतं लॉकडाऊनपासून, शाळेच्या ग्रुपसाठी टाकलं होतं, ते तसंच राहिलं आणि माहेरचे तीन ग्रुप त्यात येऊन बसले. मिसेसला विचारून (विचारावं लागतं) मोठे व्हिडिओ उडवले आणि मग टॅबवरून व्हॉट्सअ‍ॅपच काढलं. क्लासच्या अ‍ॅपने ७ जीबी धरले होते, त्यातली निम्मी लेक्चर तिची बघून झालेली, पण ती म्हणते रिव्हिजनला लागतील. क्लासचं अ‍ॅप कार्डावर डाउनलोड करू देत नाही, तिथे आम्ही हरलो. मग असं ठरवलं की धडा संपला की डिलीट, परीक्षेच्या आधी परत उतरवायचं, रात्री नेट बरं असतं तेव्हा.

माळ्याचं बटण आमच्या टॅबमध्ये पण सापडलं, आणि आधीच चालू होतं, २ जीबीचं! कोणी केलं कुणास ठाऊक. बंद केलं. कार्ड दुकानातून पावती घेऊन १२८ चं आणलं, मॅडमनी सांगितलेल्या प्रोग्रामने रात्रभर तपासलं, खरं निघालं. आता ९ जीबी रिकामे दिसतात. क्लासचं अ‍ॅप अजूनही पटकन उघडत नाही, पण चहा उकळायच्या आत उघडतं.

शेजारच्यांना पण हळूच विचारलं. २५०० दिले त्यांनी. बटणाचं सांगणार होतो तेवढ्यात तेच म्हणाले, पैसे गेले पण टॅब काय पळतोय आता, तुम्ही पण टाकून घ्या. आता सांगू की नको?

वऱ्हाडातली_मॅडम

काहून सांगता. पळू द्या त्यांचा टॅब.

आळसोबा

सांगा. फक्त त्यांनी बोलावलेला चहा पिऊन झाल्यावर सांगा.